गॅलापागोसच्या किनाऱ्यांवर प्राणी जवळून पाहायचे तर: तयारीपासून परतीपर्यंत

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे हजार किलोमीटरवर, ऐन विषुववृत्तावर गॅलापागोस बेटे आहेत. तिथल्या पुळणीवर सी लायनची, म्हणजे सीलसारख्या समुद्री सस्तन प्राण्याची, मादी पिल्लाला पाजत पडलेली असते. तुम्ही चार पावलांवरून चालत गेलात तरी ती मान वर करत नाही. काळ्या खडपावर सागरी इग्वाना हे मोठे सरडे एकमेकांच्या अंगावर रेलून ऊन खात असतात आणि निळ्या पायांचा बूबी पक्षी पायवाटेच्या मधोमध अंडी उबवत बसतो.

असे का, हे आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी तयारी त्यावर उभी आहे. ही बेटे ज्वालामुखीतून समुद्राच्या तळापासून वर आली. ती मुख्य भूमीला कधी जोडलेली नव्हती, त्यामुळे मोठे शिकारी सस्तन प्राणी इथे पोचले नाहीत. माणूस इथे आल्याची पहिली लेखी नोंद १५३५ ची. दोन पायांवर चालणारे हे धूड धोक्याचे आहे, हे इथल्या जिवांच्या अंगात मुरलेच नाही. याची किंमतही त्यांनी मोजली. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथली महाकाय कासवे हजारोंनी उचलून नेली. खायला-प्यायला न देता ती महिनोन्‌महिने जहाजावर जिवंत राहत, म्हणून खलाशांना ती ताज्या मांसाचा साठा वाटत. म्हणजे इथे जवळ जाण्यासाठी काही युक्ती शिकावी लागत नाही. जवळ असताना काय करायचे नाही, एवढेच शिकावे लागते.

आधी प्राणी ठरवा, मग महिना, मग बेट

‘बाराही महिने जाता येते’ असे एजंट सांगतात. ते खरे आहे, पण तेवढ्यावर तिकीट काढू नका.

डिसेंबर ते मे हा उष्ण हंगाम. अधूनमधून जोरदार सरी पडतात, पण समुद्र शांत असतो आणि पाणी २४ ते २७ अंशांपर्यंत ऊबदार. या काळात हिरवी समुद्री कासवे रात्री वाळूत अंडी घालतात आणि जानेवारी ते मार्चच्या सुमारास सागरी इग्वानांच्या माद्या बिळे खणतात. जून ते नोव्हेंबर हा गार हंगाम. दक्षिणेकडून हम्बोल्ट प्रवाहाचे थंड पाणी येते, आकाश ढगाळ राहते आणि ‘गारुआ’ नावाची धुक्यासारखी भुरभुर पडते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये समुद्र सर्वांत खवळलेला असतो, बोट लागणाऱ्यांनी हे दोन महिने टाळावेत. पण थंड पाणी म्हणजे भरपूर मासे, आणि भरपूर मासे म्हणजे पिल्ले. सी लायनची सर्वाधिक पिल्ले ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या आसपास दिसतात.

वेव्ह्ड अल्बट्रॉस पाहायचा असेल तर गणित आणखी काटेकोर आहे. या पक्ष्याची जवळजवळ सगळी वीण एस्पान्योला या एकाच बेटावर होते. तो एप्रिलमध्ये येतो आणि डिसेंबरपर्यंत पिल्लांसह समुद्रावर निघून जातो. फेब्रुवारीत एस्पान्योलाला गेलात तर बाकी सगळे दिसेल, अल्बट्रॉस दिसणार नाही.

महाराष्ट्रातल्या सुट्ट्या इथे बऱ्या जुळतात. एप्रिलचा शेवट ते मे हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ: अल्बट्रॉस आलेले असतात, समुद्र अजून शांत असतो, कासवांचा हंगाम पूर्ण सरलेला नसतो. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर पाणी गार लागेल, पण पुळणी सी लायनच्या पिल्लांनी भरलेल्या असतील.

आता बेटे. एस्पान्योलावर दोन जागा: पुंता सुआरेस ही खडकाळ पायवाट, जिथे अल्बट्रॉस, नाझका बूबी आणि लालसर-हिरवी झाक असलेले इग्वाना दिसतात, आणि गार्डनर बे ही लांबच लांब पांढरी पुळण, सी लायनच्या कळपांची. हेनोवेसा उत्तरेला एकटे पडलेले बेट, लाल पायांचे बूबी आणि फ्रिगेट पक्ष्यांचे. तिथल्या डार्विन बेच्या छोट्याशा पुळणीवर उभे राहिले की झुडपांत डोळ्यांच्या उंचीवर घरटी असतात. फर्नांदिना पश्चिमेला, उडता न येणारे पाणकावळे आणि इग्वानांचे मोठमोठे थवे तिथले. पेंग्विन पाहायचे तर इसाबेलाची पश्चिम बाजू, फर्नांदिना किंवा बार्तोलोमे. नर फ्रिगेटची गळ्याखालची फुगलेली लाल पिशवी पाहायला नॉर्थ सेमूर. रोज एक नवे बेट गाठायच्या मागे लागू नका. तीन-चार प्राणी मनाशी ठरवा आणि त्यांच्या जागा नीट पाहा.

बोटीवर राहायचे की गावात?

बोटीवर राहिलात तर रात्री प्रवास होतो आणि सकाळी डोळे उघडतात ते नव्या बेटासमोर. हेनोवेसा आणि फर्नांदिनासारखी दूरची बेटे जवळपास याच मार्गाने पाहता येतात. बहुतेक बोटी १६ प्रवाशांच्या, मोठ्यात मोठी १०० ची. एका गाईडमागे जास्तीत जास्त १६ माणसे असा इथल्या राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे, त्यामुळे मोठ्या बोटीवरही किनाऱ्यावर गट छोटाच असतो. तरी जमले तर छोटी बोट घ्या, उतरण्या-चढण्यात वेळ कमी जातो. २०१२ पासून कोणत्याही बोटीला १४ दिवसांच्या आत त्याच जागी परत जाता येत नाही. म्हणून एकाच कंपनीच्या एकाच बोटीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे वेगळे मार्ग असतात. आरक्षण करताना बोटीचे नाव पाहून थांबू नका, त्या तारखेचा मार्ग मागून घ्या आणि त्यात तुमची बेटे आहेत का ते तपासा.

खर्च आवाक्यात ठेवायचा असेल तर गावात राहा. सांता क्रूसवर पोर्तो आयोरा, सान क्रिस्तोबालवर पोर्तो बाकेरिसो मोरेनो, इसाबेलावर पोर्तो व्हियामिल, ही तीन मुख्य गावे. त्यांच्यामध्ये वेगवान लाँच चालतात, प्रवास साधारण दोन-अडीच तासांचा. लाँच चांगलीच आपटते, मागच्या बाजूला बसा आणि उलटीची गोळी अर्धा-एक तास आधी घ्या. एस्पान्योलाची एका दिवसाची सहल सान क्रिस्तोबालहून निघते, नॉर्थ सेमूर आणि बार्तोलोमेची सांता क्रूसहून. या सहलींना सहसा शंभर-दोनशे डॉलर किंवा त्याहून अधिक पडतात.

गावात राहण्याचा एक मोठा फायदा आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही: वेळ. सान क्रिस्तोबालच्या प्लाया मान या गावालगतच्या पुळणीवर संध्याकाळी सी लायन पाण्यातून वर येतात. तिथे गाईड लागत नाही, पैसे लागत नाहीत, कोणी घाई करत नाही. पोर्तो आयोराहून अडीच किलोमीटरच्या पायवाटेने तोर्तुगा बेला जाता येते. सकाळी सहाला वाट उघडते तेव्हाच निघा. पहिल्या मोठ्या पुळणीवर प्रवाह जोरकस आहेत, तिथे पोहायला बंदी आहे. पलीकडच्या शांत खाडीत पोहा.

कागद, लस, पैसे

भारतीय पासपोर्टधारकांना २०१९ पासून इक्वेडोरचा व्हिसा लागतो. कोणाला सूट, कोणते कागद, हे बदलत असते, तेव्हा तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या दूतावासाकडून खात्री करा. युरोप किंवा अमेरिकेमार्गे जाताना तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, तेही त्याच वेळी पाहा.

पिवळ्या तापाची लस परतीसाठी लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. इक्वेडोरमार्गे भारतात येणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस अधिकृत केंद्रातच मिळते आणि टोचल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. केंद्रांवर रांग असते, महिनाभर आधी वेळ घ्या.

गॅलापागोसची विमाने कीतो आणि ग्वायाकीलहून सुटतात. कीतो २,८५० मीटर उंचीवर आहे, लांबच्या प्रवासानंतर तिथे दम लागतो. आईवडिलांना घेऊन जात असाल तर समुद्रसपाटीवरचे ग्वायाकील बरे. मुख्य भूमीवरच्या विमानतळावर २० डॉलरचे प्रवेशपत्र घ्यावे लागते, त्याची ऑनलाइन नोंदणी आधी करून ठेवा. बेटावर उतरल्यावर उद्यानाचे शुल्क भरायचे. १ ऑगस्ट २०२४ पासून ते परदेशी प्रौढांना २०० डॉलर आहे, बारा वर्षांखालील मुलांना १००. ते रोख लागते. इक्वेडोरचे चलन अमेरिकी डॉलरच आहे, सोबत लहान नोटा ठेवा. पन्नास-शंभरची नोट दुकानदार सहसा घेत नाहीत.

सामान, आणि घरी काय ठेवून यायचे

विमानतळावर जैवसुरक्षेची तपासणी होते आणि मोठ्या बॅगांना सील लागते. ताजी फळे, भाज्या, बिया, रोपे चालत नाहीत. आपल्याकडच्या पिशव्यांत या गोष्टी नकळत असतात: कढीपत्त्याची पुडी, मोड आणायला घेतलेले मूग, मेथीदाणे, देवाला घेतलेली सुपारी, नारळ. यातले काहीही नेऊ नका. कंपनीच्या बंद पाकिटातले कोरडे पदार्थ तेवढे ठेवा आणि विचारले की काढून दाखवा. ही कटकट वाटू देऊ नका. माणसाने सोडलेल्या शेळ्यांनी इसाबेला आणि सान्तियागोवरचा पाला फस्त करून कासवांच्या तोंडचा घास काढला होता. त्या हटवायला १९९७ ते २००६ अशी वर्षे लागली, दीड लाखाहून अधिक शेळ्या माराव्या लागल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये इथल्या पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हा काही जागा बंद ठेवाव्या लागल्या. निघण्याआधी बुटांचे तळ ब्रशने घासून धुवा. खाचांतली माती आणि कुसळे काढा, बॅगेची तळपट्टीही झटका.

कपड्यांत फार डोके घालू नका. बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा, दोरीची टोपी, हलके जर्किन, पाण्यात आणि खडकावर दोन्हीकडे चालतील असे मागे पट्टा असलेले सँडल, आणि खडकाळ वाटांसाठी घट्ट तळाचे बूट. विषुववृत्तावरचे ऊन ढगांतूनही भाजते. धातूची पाण्याची बाटली न्या, एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर इथे २०१८ पासून बंदी आहे. स्नॉर्कलचा (पाण्यात डोके घालून पोहायचा) मुखवटा तिथे भाड्याने मिळतो, पण चष्मा असणाऱ्यांनी नंबरचा मुखवटा इथूनच करून न्यावा.

शाकाहारी असाल तर आरक्षणातच लिहून द्या. गावातल्या खाणावळीत भात, तळलेल्या हिरव्या केळ्यांचे पाताकोनेस आणि मेनेस्त्रा मिळते. मेनेस्त्रा म्हणजे घेवड्याची किंवा मसुराची दाट उसळच म्हणा, फक्त तिखटाविना. मात्र कधी त्यात मांसाचा रस्सा घातलेला असतो, तेव्हा विचारून घ्या.

होडीतून उतरताना

बोट किनाऱ्याला लागत नाही. ‘पांगा’ नावाच्या छोट्या होडीतून जावे लागते. ‘ड्राय लँडिंग’ म्हणजे खडकावर किंवा धक्क्यावर उतरणे, तिथे बूट घाला. ‘वेट लँडिंग’ म्हणजे गुडघाभर पाण्यात उतरणे, तिथे सँडल. खलाशाचा हात धरताना बोटे धरू नका, मनगटाला मनगट पकडा. कॅमेरा जलरोधक पिशवीत, दोन्ही हात मोकळे. होडीच्या कडेवर बसा, पाय बाहेर वळवा आणि लाट मागे ओसरली की खाली सरका. उडी मारू नका. पायाखाली काटेरी शेपटीचा स्टिंगरे मासा असू शकतो, म्हणून पाय न उचलता वाळूवर घासत पुढे सरका.

पुळणीवर

उतरलात की लगेच चालू लागू नका. दोन मिनिटे उभे राहा आणि सगळी पुळण नजरेखालून घाला. वाळूत पडलेले काळे-तपकिरी दगड हळूहळू सी लायन दिसायला लागतील, आणि खडपाचा काळा रंग अर्धा इग्वानांचा आहे हे कळेल. हे न करता चालणारा माणूस हमखास कोणाच्या तरी शेपटीवर पाय देतो.

नियम दोन मीटरचा आहे. त्याच्या आत तुम्ही जायचे नाही. पण प्राण्यांना हा नियम ठाऊक नाही, तेच जवळ येतात. पिल्लू तर बुटाचा वास घ्यायला येते. अशा वेळी हात मागे बांधा, वाकू नका, सावकाश एक-दोन पावले मागे सरा. सी लायनच्या बाबतीत स्पर्श हा जिवाचा प्रश्न आहे. आई मासे मारायला समुद्रात जाते तेव्हा पिल्लू पुळणीवर एकटेच पडून असते. परतल्यावर ती आवाजाने आणि वासाने आपलेच पिल्लू ओळखते, दुसऱ्याच्या पिल्लाला दूध देत नाही. तुमच्या हाताचा, सनस्क्रीनचा वास त्याला लागला तर ती ओळखच बिघडू शकते. एकटे पिल्लू ओरडताना दिसले की आपल्याकडची माणसे कळवळतात, पाणी पाजायला धावतात. ते टाळा. ते बहुधा सोडून दिलेले नसते, आईची वाट पाहत असते. खरोखर जखमी वाटले तर गाईडला सांगा.

नर मात्र वेगळा. मोठे अंग, कपाळावर टेंगूळ, आणि पाण्याच्या कडेने भुंकत फेऱ्या मारणारा. ती त्याची हद्द. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये कधीही उभे राहू नका. तो वाळूवरही तुमच्या अंदाजापेक्षा वेगाने धावतो आणि चावतो. तो तुमच्या दिशेने आला तर किनाऱ्यापासून आत, वरच्या बाजूला सरका.

इग्वानांसमोर उन्हाची बाजू सांभाळा. हा समुद्रात पोहून शेवाळ खाणारा जगातला एकमेव सरडा. थंड पाण्यातून आल्यावर त्याला तापल्याशिवाय धड हलताही येत नाही. सोळा माणसांचा घोळका त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये उभा राहिला तर तो सावलीत गारठून बसतो. नाकातून फुर्रकन तुषार उडाला तर तो राग नव्हे, अंगातले जादा मीठ तो बाहेर टाकतो आहे.

वाळूत भरतीच्या रेषेच्या वर चालू नका. कासवांची घरटी तिथेच असतात आणि वरून काही कळत नाही. ओल्या, घट्ट वाळूतून चाला. वेळासला किंवा आंजर्ल्याला ज्यांनी पिल्ले समुद्रात जाताना पाहिली आहेत, त्यांना दोरीमागे उभे राहायची सवय आहे. इथे दोरी नसते, ती आपणच मनात बांधायची. दिवसा पिल्लू दिसले आणि वर फ्रिगेट घिरट्या घालू लागला, तरी उचलून पाण्यात सोडू नका. गाईडही तसे करत नाही, आणि ते बघणे जड जाते, हे आधी मुलांना सांगून ठेवा.

बूबीचे घरटे म्हणजे जमिनीवर विष्ठेचे पांढरे कडे. ते वाटेत असेल तर गाईड दाखवील तसे वळसा घालून जा. जोडी नाचत असेल तर दोघांच्या मधून जाऊ नका. एस्पान्योलावरचे मॉकिंगबर्ड पाण्याच्या बाटलीवर येऊन बसतात, कारण त्या बेटावर गोडे पाणी नाही. बाटली पिशवीत ठेवा. एक थेंबही दिला तर पुढच्या गटाला ते छळतील आणि त्यांना माणसांची सवय लागेल.

सर्वांत महत्त्वाचे मी शेवटी ठेवले आहे. गाईडचे बोलणे संपले आणि मोकळा वेळ मिळाला की एका जागी बसा. गार्डनर बेला बहुतेक माणसे पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत सुटतात, आणि त्यांना झोपलेले सी लायन दिसतात. पंधरा-वीस मिनिटे बसून राहणाऱ्याला आई परतताना दिसते, पिल्लाची हाक ऐकू येते, मॉकिंगबर्ड सी लायनच्या अंगावरच्या माश्या टिपताना दिसतो.

पाण्यात

दोन मीटरचा नियम पाण्यातही लागू आहे. सी लायनची पिल्ले तुमच्याभोवती गिरक्या घेतील, तोंडासमोर येऊन फुगे सोडतील. हात अंगाशी ठेवा, पाठलाग करू नका. कासवाच्या वरून पोहू नका, त्याला श्वास घ्यायला वर यावे लागते. पांढऱ्या टोकाचे शार्क दिवसा कपारीत पडून असतात, त्यांची वाट अडवली नाही तर ते तुमच्या वाटेला जात नाहीत. पोहता येत नसेल तर आधीच सांगा आणि लाइफ जॅकेट घाला. इसाबेलावरचे कोंचा दे पेर्ला हे शांत, आडोशाचे पाणी सरावाला उत्तम. गार हंगामात वेटसूट घ्याच.

फोटो

फ्लॅश आणि ड्रोनला बंदी आहे. मोठी लेन्स नसली तरी चालते, फोनवरही सुरेख फोटो येतात. गुडघ्यावर बसून प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. पण सेल्फीसाठी पाठ फिरवून मागे सरकू नका, अपघात तिथेच होतात.

परत निघताना

शंख, प्रवाळ, लाव्हाचा खडा, वाळू, काहीही आणता येत नाही आणि विमानतळावर बॅगा तपासतात. मुलांच्या खिशांत हात घालून बघा. ओले बूट आणि पोहण्याचे कपडे धुऊन, वाळू झटकून बांधा. पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टला रबर लावून हातातल्या पिशवीत ठेवा. मुंबईत बॅगा हातात यायच्या आधीच ते दाखवावे लागते.